आई तीन-चार वर्षं कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेतेय. सवय लागली असेल तर गोळी एकदम बंद करावी का?

एकदम बंद अजिबात करू नका. इतक्या काळात शरीर गोळीला सरावतं. अचानक तोडली की घाम, जुलाब, अस्वस्थता, झोप उडणं आणि दुखणं दुप्पट. हे व्यसनच असं नाही. दुखण्यापेक्षा जास्त गोळ्या घेणं, लपवणं, दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणणं, ही व्यसनाची लक्षणं.

वर्षाहून जास्त घेतलेल्यांचा डोस साधारण महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू कमी करतात, मध्ये थांबलं तरी चालतं. हे फॅमिली डॉक्टरच्या देखरेखीखालीच. त्यांच्याशी आधी एवढं बोला: गोळीने आई जिने चढते का, बाजारात जाते का? तेवढा फायदा असेल आणि त्रास नसेल, तर कमी करायची घाई कशाला?

खरा धोका जोडीच्या गोळ्यांचा. आपल्याकडे झोपेसाठी अल्प्राझोलाम सर्रास चालू असतं. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. म्हणून सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून दाखवायला न्या. ट्रॅमाडॉलने होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर नुसता इसबगोल सहसा पुरत नाही, सोनामुखीसारखं रेचक विचारा.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तेव्हा ओळखीचा केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत असेल तर तो उपकार समजू नका. डोस कमी होईना तर मुंबईतल्या केईएम, सायनसारख्या पालिका रुग्णालयांत दाखवा. फिजिओथेरपी मात्र आजच सुरू करा.