खाण्याचा सोडा घरात कुठे उपयोगी पडतो आणि कुठे वाया जातो?

सोड्यात व्हिनेगर घालून नळावरचे आणि सिंकमधले पांढरे डाग जातात का, आणि सोडा आणखी कशाकशाला वापरता येतो, असं तुम्ही विचारलंय. डागांचं आधी सांगतो: या मिश्रणाने ते जात नाहीत.

सोडा सौम्य अल्कली आहे, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. त्यात ना सोड्याचा गुण राहतो ना व्हिनेगरचा. तुंबलेला पाइपही या फेसाने मोकळा होत नाही. नळावरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. ते आम्लातच विरघळतात. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, कापड भिजवून नळाला 20 मिनिटं गुंडाळून ठेवा, मग घासा. ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर हे पाणी त्यावर सांडू देऊ नका, दगडाची चमक जाते. तांब्या-पितळेचा काळेपणाही असाच. तिथे चिंच-मीठच हवं, सोडा नको.

सोड्याचं खरं काम करपलेल्या स्टीलच्या भांड्यात दिसतं. तळ बुडून वर दोन बोटं पाणी राहील इतकं पाणी घाला, 2 मोठे चमचे सोडा टाका आणि मंद आचेवर 10-15 मिनिटं उकळा. उकळताना सोड्यातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि काही सोड्याचा धुण्याचा सोडा बनतो. तो जास्त तीव्र असल्यामुळे करपलेला तेलकट थर सैल पडतो. रात्रभर तसंच ठेवून सकाळी लाकडी उलथन्याने खरवडा. सोडा टाकल्यावर पाणी फसफसून वर येतं, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा हिंडालियमच्या भांड्याला हा प्रयोग अजिबात करू नका, आतून काळं पडतं. चिमणीची जाळीही बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची असते, ती आधी तपासा.

छोले, राजमा बोअरच्या पाण्यात शिजत नसतील तर भिजवताना लिटरभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा सोडा पुरतो. जड पाण्यातलं कॅल्शियम साल घट्ट धरून ठेवतं, सोडा ती पकड सैल करतो. शिजवण्याआधी ते पाणी फेकून दाणे दोनदा धुवा. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, दाणे लगदा होतात आणि ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं. ढोकळ्यात लाल ठिपके उठतात तेही यामुळेच: न मिसळलेला सोडा हळदीला लागला की ती लाल होते. सोडा चाळून घ्या, आणि पिठात ताक किंवा लिंबू पुरेसं आहे ना ते बघा.

फळं धुवायला लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे साधारण 2 सपाट चहाचे चमचे. सफरचंदांवर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात याच प्रमाणात 12 ते 15 मिनिटं भिजवल्यावर पृष्ठभागावरची दोन कीटकनाशकं निघून गेली होती. सालीच्या आत मुरलेलं मात्र निघत नाही, आणि पाच-दहा सेकंद बुडवून काढण्यात काहीच अर्थ नाही. नंतर साध्या पाण्याने धुवा.

फ्रिज आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सोडा घ्या. थर्मासचा वास घालवायला गरम पाण्यात चहाचा चमचाभर, अर्धा तास, झाकण उघडं ठेवून.

अ‍ॅसिडिटीवर रोज सोडा घेणं मला चुकीचं वाटतं. पाव चहाच्या चमच्यातच सुमारे 300 मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

एक उपयोग मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही आणि कढई उचलायचीही नाही. गॅस बंद करून ताट झाका. आग अगदी लहान असेल आणि झाकायला काही नसेल तर बाजूने मूठमूठभर कोरडा सोडा टाका. चमच्या-दोन चमच्यांनी भागत नाही. घाईत बेकिंग पावडर, मैदा किंवा बेसन हाताला लागलं तर ते टाकू नका, पीठ स्वतःच भडकतं.