फोमचं चिलखत : वाचकांचे प्रश्न

व्हिडिओ गेममधल्या पात्रांचे पोशाख घरी करणाऱ्यांची बरीच पत्रं साठली होती. बहुतेकांना हवंय ते ‘हेलो’ या २००१ सालच्या गेममधल्या मास्टर चीफचं हिरवं चिलखत. माप, गोंद आणि रंग, अडचणी फिरून याच तिघांशी येतात. त्यातले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत.

सुतार सनमायकाला वापरतात तो एसआर आणून लावलो. दहा मिनिटं थांबून जोडलो, तरी दुसऱ्या दिवशी छातीचा सांधा उकलला. गोंदावर पांढुरकं काहीतरी आलं होतं. गोंद डुप्लिकेट आहे काय?
*– एक वाचक, खानापूर*

गोंदाला दोष देण्याआधी तुमच्याकडची हवा बघू. एसआर म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं रबर. थिनर उडून जाताना गोंदाच्या थरातली उष्णता घेऊन जातो, थर गार पडतो आणि खानापूरच्या पावसाळी हवेतली वाफ त्यावर बसते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तशी. तेच तुमचं पांढुरकं. दोन्ही बाजूंना पाण्याची अशी साय धरली की रबराला रबर भेटतच नाही.

पावसाळ्यात हे काम दुपारी, उघडीप बघून करा. गोंद उघडण्याआधी फोमचे तुकडे हीट गननं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं, कोमट करून घ्या, गार फोमवर पाणी लवकर धरतं. मग हीट गन बंद करून लांब ठेवा, कारण एसआरची वाफ पेट घेते. जवळ गॅस नको, देवापुढचा दिवा नको. खिडक्या उघड्या असू द्या, पण पंख्याचा झोत थेट गोंदावर सोडू नका. थिनर जितक्या जोरात उडेल तितका थर अधिक गार पडतो. फोमच्या कापलेल्या कडा गोंद पितात, म्हणून तिथे दोन हात द्या आणि पहिला सुकल्यावरच दुसरा लावा. उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात वीस ते तीस लागू शकतात. घड्याळापेक्षा बोट बरं: बोटाची मागची बाजू टेकवल्यावर तार सुटली नाही, की जोडा. हा गोंद एकदा धरला की सरकत नाही, म्हणून आधी पेननं आडव्या खुणा करून घ्या आणि एका टोकापासून बोटबोट जुळवत जा. धरून बसायची गरज नाही, पण दाबताना अंगठ्याचा जोर लागलाच पाहिजे.

उकललेला सांधा फेकू नका. पाणी पुसून सुकवा, पातळ नवा हात द्या आणि तो पूर्ण सुकल्यावर जोडा. आणखी एक, वाकवायचा भाग गरम करून आधी वाकवायचा आणि मग चिकटवायचा. उलट केलंत तर हीट गनच्या उष्णतेनं गोंदच मऊ पडतो.

मांडीचा घेर ५२ सेंटिमीटर आला, म्हणून फोम बरोबर ५२ कापलो. जोडल्यावर पाय आतच जाईना. माप तीनदा बघितलंय.
*– एक वाचक, निपाणी*

माप बरोबर आहे, फोमची जाडी राहून गेली. पट्टीची नळी केली की बाहेरची बाजू ताणते, आतली दबते आणि मूळ लांबी राहते ती जाडीच्या मधोमध. त्यामुळे आतला घेर जाडीच्या ३.१४ पट कमी होतो. १० मिलिमीटर फोमला हा फरक ३.१ सेंटिमीटरचा. म्हणजे तुमच्या ५२ च्या पट्टीतून आत उरले जेमतेम ४९.

हिशोब असा करा: अंगाचा घेर, अधिक जाडीच्या तिप्पट, अधिक कपडा आणि हालचालीसाठी ३ ते ४ सेंटिमीटर. तुमच्या मांडीला ५२ + ३ + ४, म्हणजे ५९. पोटरी आणि दंडाला ३ ची सूट पुरते, मांडीला ४ च द्या, कारण बसल्यावर मांडी पसरते. घेर उभ्यानं न घेता खुर्चीवर बसून घ्या.

कागदी साच्याचं प्रमाण ठरवतानाही घोटाळा होतो. गेममधला मास्टर चीफ चिलखतासकट सुमारे ७ फूट उंच आहे. तुमची उंची साडेपाच फूट असेल आणि त्याच हिशोबानं सगळं बारीक केलंत, तर डोकं शिरस्त्राणात शिरणार नाही. उंचीवरून फक्त नडगी, मांडी आणि हात यांची लांबी ठरवा. शिरस्त्राण डोक्याच्या मापानं, छाती खांद्यांच्या रुंदीनं वेगळी. छातीचा साचा अंगावरच करता येतो: जुन्या बनियनवर स्वयंपाकघरातली चिकट प्लॅस्टिक फिल्म गुंडाळायची, वरून मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर मार्करनं रेषा आखायच्या आणि दुसऱ्यानं कात्रीनं पाठीतून उघडायचं. उजवा-डावा साचा वेगवेगळा काढू नका. एकच काढून उलटा ठेवा, नाहीतर दोन्ही खांदे दोन माणसांचे दिसतात.

फोम कापण्याआधी साचा जाड पुठ्ठ्यात जोडून अंगावर चढवून बघा. एक संध्याकाळ जाते, पण फोमची शीट वाचते.

पूर्ण पोशाखाला सामान किती लागतं आणि बेळगावात मिळतं का?
*– एक वाचक, टिळकवाडी*

मोठ्या माणसाच्या पूर्ण चिलखताला १० मिलिमीटरच्या २ फूट बाय २ फुटांच्या १० ते १२ चटया धरा. मुलांच्या खोलीत एकमेकींत अडकवून अंथरतात त्याच ईव्हीए फोमच्या. त्यांची खरबरीत बाजू आत घ्यायची. याशिवाय वरच्या पट्ट्या आणि कडांसाठी ५ मिलिमीटरचा सुमारे ३ चौरस मीटर, बारीक नक्षीसाठी २ मिलिमीटरचा १ चौरस मीटर. एसआर १ लिटर. कटरच्या पात्या मात्र मोजू नका. बोथट पाती फोम कापत नाही, ओरबाडते. दर चार-पाच लांब कापांनंतर टोक मोडून नवं घ्या.

फोम पारखताना नख दाबा. खूण लगेच भरून आली तर चांगला. खूण तशीच राहिली तर तो फोम गुडघ्याशी महिनाभरात चुरगळेल. चटया खेळण्यांच्या नाहीतर व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. पातळ शीटसाठी चप्पल मटेरियल विकणाऱ्याकडे विचारा. बॅगवाल्यांची नवार, चाप आणि वेल्क्रो यांसाठी बेळगावबाहेर जायची गरज पडत नाही.

आमचा घरचा चपलांचा धंदा आहे. अप्पांची रापी, आरी, रबर सोल्युशन यातलं काय काय चालेल?
*– एक वाचक, अथणी*

रापी तर हवीच. तिरपी कड काढायला कटरपेक्षा ती केव्हाही सरस, कातडं छिलायला धरता तशीच धरा, फक्त दगडावर नुकती लावलेली असू द्या. रबर सोल्युशन पातळ पट्ट्यांना ठीक आहे, छाती-पाठीच्या सांध्याला एसआरच लावा. आरीनं फोमला भोक पाडून दोरा ओवू नका, दोऱ्याच्या ताणानं भोक फाटत जातं. पट्टा बसवायचा तर नवारेच्या टोकाशी ८ ते १० सेंटिमीटर लांबीवर गोंद लावा आणि वरून फोमचा चौकोनी तुकडा चिकटवा, चपलेच्या अंगठ्याचं टोक दोन थरांत घेता तसं. रिबिट मारायचीच असेल तर दोन्ही बाजूंना रुंद वायसर घाला.

एक सूचना अप्पांसाठीही: चिकटवायचा वेल्क्रो घामानं सुटतो. तो आधी नवारेवर मशीननं शिवायचा आणि मग नवार फोमला चिकटवायची.

सांध्यांत कारची पुट्टी भरली, घासली, वर ऑइल पेंटचे दोन कोट मारलो. आरशासारखं झालं होतं. अंगात घातल्यावर कोपराशी तडे गेले आणि खपल्या निघाल्या.
*– एक वाचक, शहापूर*

पुट्टी पत्र्यासाठी असते आणि पत्रा वाकत नाही. फोमवर जे जे चढवाल ते फोमबरोबर वाकलं पाहिजे, तळापासून वरपर्यंत. एक थर जरी कडक राहिला तरी तो तडकतो आणि वरच्या सगळ्यांना घेऊन खाली येतो.

आधी दुरुस्ती. तो भाग हातानं उलटसुलट वाकवा, पुट्टी आपोआप सुटेल. उरलेली १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा. रंग उरला असेल तिथे हीट गन धरू नका, त्याचा धूर वाईट असतो. कोऱ्या फोमवर काम असतं तेव्हा मात्र पहिली पायरी हीट गनचीच: कमी तापमानावर ठेवून १० ते १५ सेंटिमीटरवरून, एका जागी न थांबता फिरवत राहायचं. फोमचा रंग किंचित बदलतो आणि मळकट पृष्ठभागावर मंद चकाकी येते. ती दिसली की पुढे सरकायचं. यानं वरची छिद्रं मिटतात, नाहीतर फोम रंग पीत राहतो. जास्त थांबलात तर फोड येतात. याच वेळी एक गंमत साधते. पॅनेलच्या रेषा हव्या तिथे कटरनं दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्या आणि वरून उष्णता फिरवा. चीर आपोआप उघडून खाच तयार होते.

सांध्यांत पुट्टीऐवजी अॅक्रिलिक सीलंट भरा आणि ओल्या बोटानं सपाट करा. सिलिकॉन चुकूनही घेऊ नका, त्यावर कुठलाच रंग धरत नाही. दुकानदार दोन्ही एकाच फळीवर ठेवतो, नळीवर ‘पेंट करता येतं’ असं लिहिलेलं बघून घ्या. मग अस्तर. पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून ब्रशनं चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात पुरता सुकल्यावर पुढचा. आपल्याकडच्या पावसात साधा फेव्हिकॉल ओल धरून पुन्हा चिकट होतो, म्हणून पाण्याला टिकणारा मरीन घ्या. त्यात पाणी कमी घाला आणि आधी एका तुकड्यावर लावून, सुकवून, वाकवून बघा. त्यावर अॅक्रिलिक रंग.

कोपर, गुडघा, काख इथे मुळात चिलखत नसावंच. तिथे काळा कपडा दिसू द्या. गेममध्येही सांध्यांशी काळा आतला पोशाखच आहे.

हिरवा रंग दिला, पण प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसालंय. जुनं, लढाईतलं कसं दाखवायचं?
*– एक वाचक, चिकोडी*

हंगामात साखर कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात त्या नीट बघा. रंग सगळीकडे सारखा जात नाही. फाळक्याची कड, हूक, पाय टेकायची जागा इथे लोखंड उघडं पडतं आणि कोपऱ्यात मळ साचतो. चिलखतावर एवढंच उतरवायचं.

काळ्या अस्तरावर आधी चंदेरी द्या आणि पूर्ण सुकू द्या. कडांवर, जिथे घासलं जाईल तिथेच, टूथपेस्टचे बारीक वेडेवाकडे ठिपके लावा. वरून स्प्रेनं ऑलिव्ह हिरवा, २० ते २५ सेंटिमीटरवरून, तीन पातळ कोट, मध्ये पंधरा मिनिटं. रंग धरला की ओल्या फडक्यानं टूथपेस्ट पुसा, खालची चांदी उघडी पडते. मग काळ्या अॅक्रिलिकमध्ये थोडा तपकिरी, दहापट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाणी मण्यांसारखं न थांबता खाचेत उतरतं. एका वेळी हातभर जागेवर लावा आणि लगेच वरून खाली पुसा, कारण मळ आडवा ओघळत नाही. शेवटी मॅट क्लिअरचा, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक रंगाचा हात, तोही कोरड्या दिवशी. दमट हवेत क्लिअर दुधाळ होतो आणि सगळी मेहनत धुक्यात जाते.

शिरस्त्राणाची काच धुकटते. ५ व्होल्टचा छोटा पंखा पॉवर बँकेला जोडलोय, पण अर्ध्या मिनिटात बंद पडतोय. पंखा बदलून बघितलो, तेच.
*– एक वाचक, हल्याळ*

पंखा चांगला आहे. पॉवर बँकेला वाटतं की फोन भरून झाला. ४० मिलिमीटरचा पंखा जेमतेम १०० मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी घेतो आणि बऱ्याच पॉवर बँका एवढ्या थोड्या मागणीवर स्वतःला बंद करतात. दुसरा पंखा समांतर जोडा: एक हनुवटीखालून काचेच्या आतल्या बाजूवर हवा मारणारा, दुसरा मागून, वरच्या बाजूनं हवा बाहेर काढणारा. दोघांचे मिळून सुमारे २०० होतात, बँक जागी राहते आणि धुकंही जातं. तरी बंद पडलीच तर तारांमध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर समांतर घाला, त्यातून आणखी १०० च्या आसपास जातील. तो २ वॅटचा घ्या, अर्ध्या वॅटचा भाजेल इतका तापतो. फोमला टेकवूनही ठेवू नका. १०,००० मिलिअँपिअरची बँक यावर दिवसभर सहज चालते.

कानाजवळच्या दिव्यांना १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावू नका, ५ व्होल्टवर ती पेटणार नाही. सुटा पांढरा एलईडी असेल तर प्रत्येकाला १०० ओहम. काचेला आतून भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, तास-दोन तास धुकं धरत नाही.

बेंगळुरूच्या कॉमिक कॉनला नेणार असाल, असं पत्रात दिसतं. शिरस्त्राणाच्या आत टॉवेल कोंबून ते छातीच्या कवचात बसवा, म्हणजे एकाच खोक्यात दोन्ही मावतात. ते खोकं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, सांधे सुटतात. बरोबर एसआर नेऊ नका, रेल्वेत ज्वलनशील सामान चालत नाही. त्याऐवजी काळी कापडी टेप, दोन चाप, हातभर नवार, कात्री आणि पाण्याची बाटली. बाटलीला लांब स्ट्रॉ लावा. शिरस्त्राण न काढता तेवढंच तोंडापर्यंत पोचतं.