बोटांची जुनी सवय आणि ‘वऱ्हाड’

प्रश्न : तहसील कार्यालयासमोर माझे अर्ज टंकलिखित करून देण्याचे छोटे दुकान आहे. टंकलेखन मी टाइपरायटरवर शिकलो आणि संगणकावरही त्याच रेमिंग्टन मांडणीने कृतिदेव फॉन्टमध्ये काम करत आलो. आता सगळीकडे युनिकोड (कोणत्याही संगणकावर तसाच वाचता येणारा मजकूर) मागतात, म्हणून मुलाने इन्स्क्रिप्ट ही दुसरी कळमांडणी सुरू करून दिली. पण बोटे जुन्याच जागी जातात आणि ‘वऱ्हाड’ लिहावे तर ‘वर्हाड’ उमटते. पन्नाशीत हे नव्याने शिकावे का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करू. युनिकोडसाठी इन्स्क्रिप्टच हवे असे नाही. रेमिंग्टन मांडणीनेही युनिकोड लिहिता येते, त्यामुळे गिऱ्हाईक समोर उभे असताना आपण खुशाल जुन्याच मांडणीवर काम करावे. तरीही इन्स्क्रिप्ट शिकावे असेच मी सुचवीन, कारण ते विंडोजमध्ये मुळातच असते आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर अडत नाही.

आपली खरी अडचण कळांच्या जागांपेक्षा क्रमाची आहे. टाइपरायटर डोळ्यांना दिसते तसे लिहितो, इन्स्क्रिप्ट तोंडाने उच्चारतो तसे. ‘विहीर’ लिहिताना आपण आधी वेलांटी आणि मग ‘व’ दाबत होतात; आता आधी ‘व’ येईल. ‘अर्ज’मधला रफार आपण ‘ज’नंतर देत होतात, आता अ, र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), ज असा क्रम लागेल. जागा मात्र लवकर लक्षात राहतात : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळेवर ‘थ’. कळांवर अक्षरांचे स्टिकर लावू नयेत. नजर खालीच राहते आणि वेग वाढत नाही. शाळाप्रवेशाच्या दाखल्यांची जूनमधली गर्दी ओसरल्यावर, दुकान उघडण्यापूर्वी रोज अर्धा तास सरावाला द्यावा आणि त्या वेळात रेमिंग्टनला हात लावू नये.

आता ‘वऱ्हाड’. इंग्रजी ‘जे’च्या कळेवर साधा ‘र’ आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की खाली नुक्ता (टिंब) असलेला ‘ऱ’ मिळतो. व, मग हा ‘ऱ’, मग ‘डी’च्या कळेवरचा हलन्त, मग ह, काना आणि ड, असे लिहावे. साध्या ‘र’ला हलन्त दिला की रफार होतो, म्हणूनच आपले ‘वर्हाड’ झाले. मेळघाटातल्या ‘दऱ्या’ लिहितानाही हाच ‘ऱ’ वापरावा, नाहीतर तिथे ‘दर्या’ उसळेल.