हात आखडता असताना

प्रश्न : माझे काम कंत्राटी स्वरूपाचे आहे. पुढच्या करारात माझे नाव असेल की नाही, हे कळायला अजून काही महिने आहेत. खर्च आम्ही बराच कमी केला आहे आणि घर सुरळीत चालले आहे. पण संध्याकाळी घरातली माणसे पत्ते खेळत हसू लागली, की मला त्यांच्यात बसवत नाही. अशा दिवसांत मजा करणे बेजबाबदारपणाचे वाटते. 'साध्या गोष्टींत आनंद माना' असे जो तो सांगतो. तो मानायचा कसा?

उत्तर : हा सल्ला तुमच्या गळी उतरला नाही, यात नवल नाही. ज्याच्या महिनाअखेरीची सोय आधीच झालेली असते, त्याच्याच तोंडी तो बहुधा असतो. शिवाय तुमची अडचण साधनांची नाहीच. पत्त्यांचा डाव घरात रोज मांडला जातो आणि त्याला पैसा पडत नाही; अडते ते तुमच्या तिथे जाऊन बसण्यापाशी. म्हणून फुकटातल्या सुखांची यादी देण्याऐवजी मी आधी तुमच्या काळजीचीच व्यवस्था लावू पाहतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक साधी पद्धत तपासून पाहिली. काळजीसाठी दररोज एकच वेळ आणि एकच जागा ठरवायची, तिथे अर्धा तास मनसोक्त काळजी करायची आणि एरवी ती डोके वर काढू लागली, की तिला त्या अर्ध्या तासावर ढकलायचे. ही पद्धत पाळणाऱ्यांच्या काळजीचा वेळ कमी झाल्याचे त्यांना आढळले. तुम्ही हा अर्धा तास वही घेऊन बसा, शक्यतो झोपेच्या बऱ्याच आधी. भाडे, हप्ते, विमा, शाळेची फी असे न टळणारे खर्च एका बाजूला लिहा, हाताशी असलेली शिल्लक तेवढ्याच खर्चावर किती महिने पुरेल ते काढा आणि करार झालाच नाही तर सर्वांत आधी कोणता खर्च थांबवायचा, हेही नोंदवून ठेवा. घरातले कोणी कर्ते माणूस या वेळी सोबत बसले, तर फारच चांगले. आकडा वाईट निघाला तरी तो ठाऊक असणे परवडते. रात्रभर डोक्यात घोळत राहते ती मोजदाद न झालेली भीती.

आता बेजबाबदारपणाविषयी. सतत चिंतेत राहिल्याने माणूस अधिक जबाबदारीने वागतो, असे तुम्ही गृहीत धरले आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर, म्हणजे पैसा आल्यावर, विचारशक्तीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या होत्या. तंगीच्या काळात त्याच माणसांची कामगिरी उणी ठरली. पत्ते खेळल्याने हिशेब सुधारतो असे यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण चिंता डोक्यातली जागा अडवते एवढे यावरून दिसते आणि ती जागा चोवीस तास तिच्या स्वाधीन करण्यात कसली जबाबदारी, हे मला तरी उमगत नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. 1978 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांना मित्राशी गप्पा, एखादा विनोद, मासिक वाचणे अशा रोजच्या गोष्टींतून किती सुख मिळते, ते विचारले. इतरांच्या तुलनेत त्यांनी या सुखांना कमी गुण दिले. (मासिकवाल्यांना हे वाचून वाईट वाटणे साहजिक आहे.) संख्या लहान असल्याने यावर मोठा सिद्धांत उभारू नये, तरी मोठ्या सुखापुढे लहान सुख फिके पडते, हा अनुभव बहुतेकांना असतो. तुमचे मोठे खर्च नुकतेच थांबले आहेत, त्यामुळे पहिले काही दिवस साध्या गोष्टी बेचव वाटतील. ते तसेच वाटू द्या आणि आनंद झालाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

प्रत्यक्षात करायचे ते थोडेच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एका डावापुरते बसा. जुन्या कॅटमधल्या एखाद्या पानाचा कोपरा दुमडलेला असतो, ते कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसत असते आणि तरीही प्रत्येक जण न पाहिल्यासारखे करतो. त्या लबाडीत सामील व्हायला लक्ष लागते, पैसा लागत नाही. कधी पत्त्यांऐवजी वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचा, मात्र रंगात आलेले प्रकरण संपले की पुस्तक मिटा. सुखद अनुभवात मध्येच खंड पडला, तर तो पुन्हा सुरू झाल्यावर अधिक भावतो, असे लिफ नेल्सन आणि टॉम मेविस यांना 2008 मधील त्यांच्या प्रयोगांत आढळले होते. मालिका लिहिणाऱ्यांना ही युक्ती त्याआधीपासून ठाऊक आहे. 'स्वस्तात मिळते' म्हणून केलेली खरेदी आणि नशीब अजमावणारे खेळ यांना मात्र साध्या सुखांत धरू नका. झोप उडणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना अवश्य भेटा.

प्रश्न : मैत्रिणी सहली आखतात आणि मी दर वेळी नवे निमित्त सांगून टाळते. आता त्यांनी बोलावणेच कमी केले आहे. काय करू?

उत्तर : निमित्ते सांगितल्याने पैसे वाचले, पण मैत्रिणींचा समज असा झाला असावा, की तुम्हाला त्यांच्यात यायचे नाही. पैशाची अडचण सांगायला संकोच वाटतो हे खरे. परंतु त्यासाठी घरचा सगळा ताळेबंद उघड करण्याची गरज नाही. नकारासोबत आपल्या बाजूने एक बोलावणे जोडावे, म्हणजे पुढचे ठरवणे त्यांनाही सोपे जाते. 'सहल सध्या माझ्या खर्चात बसत नाही. पण रविवारी सकाळी टेकडीवर चालायला जाऊ या का?' एवढे पुरे आहे आणि त्यांच्यापैकी एखादी तरी 'बरे झाले, तूच बोललीस' असे म्हणण्याची शक्यता बरीच आहे.