प्लेटची वेळ झाली, तरी फाईल दिसेना

प्रश्न : आमचा ऑफसेट छापखाना आहे. पाच संगणक आणि एक नॅस (सगळ्यांच्या फायली ठेवायची नेटवर्कवरची पेटी). डिझायनर पीडीएफ नॅसवरच्या ‘प्लेट’ फोल्डरमध्ये टाकतो. सीटीपीच्या (फाईलवरून थेट छपाईची प्लेट काढणाऱ्या यंत्राच्या) संगणकावर ते फोल्डर उघडंच असतं, पण फाईल दिसत नाही. एफ५ दाबलं की कधी लगेच येते, कधी दोन-तीनदा दाबावं लागतं. डिलीट केलेल्या फायलीही यादीत तशाच राहतात. केबल आणि स्विच बदलून झाले. आता विंडोज नव्यानं टाकू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : विंडोज नव्यानं टाकू नका. तुमच्या पत्रातलं ‘कधी लगेच, कधी दोन-तीनदा’ हे फार कामाचं आहे. त्यावरून वाटतं, की इथं दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेत.

नेटवर्कवरचं फोल्डर उघडलं की एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजची फोल्डर दाखवणारी खिडकी, सर्व्हरला (इथं तुमच्या नॅसला) सांगून ठेवतो, ‘इथं काही बदललं तर कळव.’ बदल झाला की सर्व्हर कळवतो आणि एक्सप्लोरर यादी पुन्हा वाचतो. हा निरोपच आला नाही, तर समोरची यादी जुनीच राहते आणि एफ५ दाबावं लागतं. हा झाला पहिला दोष.

दुसरा दोष असा, की एफ५ दाबलं तरी विंडोज दरवेळी नॅसपर्यंत जातंच असं नाही. विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबी २ (नेटवर्कवरच्या फायली वाचायची विंडोजची पद्धत) आलं, तेव्हापासून तुमचाच संगणक फोल्डरची यादी १० सेकंद, फाईलचा आकार आणि वेळ १० सेकंद, आणि ‘अशी फाईल नाही’ हे उत्तर ५ सेकंद स्वतःजवळ ठेवून देतो. तेवढ्या वेळात एफ५ दाबलंत, तर तीच साठवलेली यादी पुन्हा समोर येऊ शकते.

कुठला दोष किती, हे आधी तपासा. डिझायनरला फोनवर ठेवा. त्यानं फाईल सेव्ह केली म्हणताक्षणी सीटीपीच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरची डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी) कमांड द्या. पंधरा-वीस सेकंद थांबून पुन्हा द्या. या वेळात एक्सप्लोररला हात लावू नका. पहिल्या वेळी फाईल नाही आणि दुसऱ्या वेळी आहे, तर साठवलेली यादी आडवी येतेय. डीआयआरमध्ये आहे पण शेजारी उघड्या असलेल्या एक्सप्लोररमध्ये नाही, तर निरोप पोहोचत नाही.

साठवणीचा उपाय सोपा आहे. पॉवरशेल (कमांड टाइप करायची विंडोजची दुसरी खिडकी) ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन या कमांडनं डायरेक्टरीकॅशलाइफटाइम, फाइलइन्फोकॅशलाइफटाइम आणि फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम या तिन्हींची किंमत ० करा. ही नावं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. विंडोज ८ पासून पुढं हे चालतं. पण हे फक्त सीटीपीच्या संगणकावर करा. सगळीकडे केलंत तर प्रत्येक क्लिकला नॅसकडे विचारणा जाईल आणि वायफायवरचे संगणक रेंगाळतील.

निरोपाच्या दोषाला जास्त वेळ द्यावा लागेल. आधी त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत), एक्सप्लोररच्या पॉलिसीजखाली, नोरिमोटचेंजनोटिफाय नावाची नोंद १ आहे का बघा. ‘नेटवर्क फास्ट करा’ म्हणून मिळणारी काही टूल्स ती घालून जातात. एक्सप्लोरर मग सर्व्हरला ‘कळव’ असं सांगतच नाही. नोंद असेल तर काढा आणि संगणक रीस्टार्ट करा.

ती नसेल, तर नॅसकडे वळा. डिझायनर फाईल शेअर्ड ड्राइव्हवरूनच टाकतो, की नॅसच्या ब्राउझर पानावरून किंवा एफटीपीनं (फायली पाठवायच्या वेगळ्या वाटेनं)? बहुतेक नॅसमध्ये लिनक्सवर सांबा चालतं; विंडोजला शेअर्ड फोल्डर पुरवणारं सॉफ्टवेअर ते हेच. शेअरमधून आलेला बदल सांबाला आपसूक कळतो. बाहेरच्या वाटेनं आलेला बदल मात्र लिनक्सच्या आयनोटिफायकडूनच (फोल्डरांतल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या सोयीकडूनच) कळावा लागतो. सांबाचं ‘कर्नल चेंज नोटिफाय’ हे सेटिंग बंद असेल, तर तो निरोप येत नाही. शिवाय आयनोटिफाय किती फोल्डरांवर नजर ठेवील याला मर्यादा असते, जुन्या लिनक्सवर साधारणपणे ८१९२. फोटोंची इंडेक्सिंग किंवा सिंक करणारं एखादं अ‍ॅप ती एकटंच संपवू शकतं. म्हणून एकच फाईल एकदा ड्राइव्हवरून आणि एकदा एफटीपीनं टाकून बघा. फक्त एफटीपीची दिसत नसेल, तर दोष इथंच आहे. प्लेटच्या फायली तोवर ड्राइव्हवरूनच टाकायला लावा.

डिलीट केलेली फाईल यादीत दिसते, याची मला फारशी काळजी वाटत नाही. ती उघडायला गेलं की सापडत नाही, एवढंच. खरी भीती वेगळी आहे. डिझायनर दुरुस्ती करून त्याच नावानं सेव्ह करतो, सीटीपीवर तारीख-वेळ जुनीच दिसते, आणि ऑपरेटरला दुरुस्ती आली की नाही हे यादीवरून ठरवता येत नाही. अशा गोंधळात चुकीची प्लेट निघाली, तर प्लेटही जाते आणि छपाई सुरू झाली असेल तर कागदही. दुरुस्त फाईलला प्रत्येक वेळी नवं नाव द्यायला लावा, शेवटी व्ही२, व्ही३ असं. वर सांगितलेलं सगळं नीट झाल्यावरही ही पद्धत मोडू देऊ नका.

आणि मिनिटभर थांबूनही डीआयआरमध्ये फाईल आलीच नाही, तर कंट्रोल पॅनलमधलं सिंक सेंटर उघडा. त्या फोल्डरला कुणी ‘ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन’ करून ठेवलं असेल, तर ऑपरेटर नॅस नव्हे, संगणकातली प्रत बघत असेल. ती टिकमार्क काढा. तसं काही नसेल, तर डिझायनरच्या सेव्हच्या खिडकीत वर कुठला पत्ता दिसतो, तो स्वतः जाऊन वाचा.