जुनी फोक्सवॅगन कॅम्पर घेतलीस? मग हे आधी कर

सत्तरच्या दशकातली टाइप २ (या कॅम्परचं मॉडेल) घेतलीस ना, मग वेगाचा नाद सोड. अनेकींत १६०० सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन आणि त्यावर पलंग, कपाटं, शेगडीचा संसार. ताशी ५०-५५ मैलांना ती खुशीत असते. स्कॉटलंडच्या एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर डावीकडे पासिंग प्लेस (बाजूला थांबायची रुंद जागा) दिसली की आत घे, मागच्यांना जाऊ दे.

खरी मजा बसण्यात आहे. पुढे बॉनेट नाही, पाय जवळजवळ बंपरपाशी, स्टिअरिंग एसटीसारखं आडवं. वळण घेताना सुरुवातीला पोटात गोळा येतो, मग चटकच लागते. आडवा वारा सुटला की गाडी झुलते; स्टिअरिंगशी झटापट करू नकोस.

पण निघण्याआधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदल. सगळ्या, क्लिपांसकट. इंजिन मागे, नळीला चीर पडली की पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर गळतं, आणि या गाड्या अशाच पेटतात. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवाच. रेडिएटर नाही, इंजिन थंड ठेवायला हवा आणि तेल यांवरच भिस्त, आणि १६०० सीसीच्या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर. रोज सकाळी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघ. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी फाटली असेल तर खालची गरम हवा परत आत ओढली जाते. हे बरेच मेकॅनिकही बघत नाहीत.

ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला एमओटी (दरवर्षीची सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही. तरी दरवर्षी करून घे. गंज खालूनच लागतो.