सर्व्हरवर रेड कार्डचं सॉफ्टवेअर टाकलं, पण ‘कंट्रोलर सापडला नाही’ म्हणतंय. नवी डिस्क घातली तरी रिबिल्डही सुरू होत नाही. काय करू?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते एवढं: लिनक्स सर्व्हर, आत मेगारेड कार्ड (ज्याला सॉफ्टवेअर कंट्रोलर म्हणतं), सहा डिस्कचा रेड ५, म्हणजे सहा डिस्क मिळून एकच साठा, ज्याला ॲरे म्हणतात. एका डिस्कचा दिवा पिवळा झाला म्हणून बघायला गेलात, तर सॉफ्टवेअरला कार्डच दिसत नाही आणि त्याचं वेब पानही उघडत नाही. डिस्क बदलली, तरी काही हललं नाही.

सॉफ्टवेअरकडे वळायच्या आधी बॅकअप घ्या. रेड ५ मधली एक डिस्क गेली की तो ॲरे उरलेल्या पाचांवर तगून असतो, दुसरी गेली की सगळं गेलं. आणि रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करणं, चालू असताना या पाचही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, त्यामुळे लपलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच वर येतात. बॅकअप होईपर्यंत रीस्टार्ट नको आणि ‘जरा काढून परत बसवून बघू’ हेही नको.

यात एक दिलासा आहे. ॲरे कार्डच्या फर्मवेअरवर चालतो आणि त्याची मांडणी डिस्कवरच लिहिलेली असते. आपण टाकतो ते सॉफ्टवेअर म्हणजे नुसती खिडकी. ते दहादा काढून दहादा टाकलं तरी डेटाला काही होत नाही. खिडकीतून चुकीचा हुकूम दिला तर मात्र होतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

कार्ड का सापडत नाही याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे चुकीचं सॉफ्टवेअर. मेगारेड आधी एलएसआयचं, २०१४ मध्ये ते अव्हागोकडे गेलं आणि २०१६ पासून ब्रॉडकॉमच्या नावावर आहे. म्हणून कार्डावरचा स्टिकर एक सांगतो आणि डाउनलोडचं पान दुसरंच. मेगारेडला स्टोअरसीएलआय हे कमांड लाइनवरचं सॉफ्टवेअर लागतं, पण ९६०० मालिकेच्या नव्या कार्डांना स्टोअरसीएलआय२. डेलच्या पर्क कार्डांसाठी पर्कसीएलआय, ज्याच्या कमांड जवळपास तशाच आहेत. एचपीईच्या स्मार्ट ॲरेला एसएसएसीएलआय आणि ॲडाप्टेकला आर्ककॉन्फ. आपलं कार्ड कोणत्या घरचं हे खोक्यावरून ठरवू नका, मशीनलाच विचारा:

एलएसपीसीआय -एनएनके

यात रेड किंवा एसएएस कंट्रोलरची ओळ शोधा आणि तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ समोर काय आहे ते बघा. मेगारेड_एसएएस असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. एमपीटी३एसएएस दिसलं तर ते बहुधा साधं एचबीए कार्ड आहे. ते डिस्क जशाच्या तशा पुढे देतं, ॲरे बनवत नाही, त्यामुळे तुमचा रेड ५ लिनक्सच्या एमडीएडीएमने किंवा झेडएफएसने, म्हणजे सॉफ्टवेअरनेच, बनवलेला असणार. अशा वेळी कार्डच्या सॉफ्टवेअरशी झटापट व्यर्थ आहे, एमडीएडीएम असेल तर ‘/प्रोक/एमडीस्टॅट’ ही फाइल वाचा, झेडएफएस असेल तर ‘झेडपूल स्टेटस’ चालवा. आणि यादीत अशी ओळच नसेल तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून शोधताय का ते तपासा. आतल्या मशीनला खरं कार्ड दिसत नाही, सॉफ्टवेअर बाहेरच्या होस्टवर टाकावं लागतं. कंटेनरचंही तेच.

ड्रायव्हर बरोबर आहे आणि तरी ‘सापडला नाही’? मग रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवताय का बघा. साध्या वापरकर्त्याने चालवलं तर हे सॉफ्टवेअर परवानगीबद्दल अवाक्षर न काढता सरळ शून्य कंट्रोलर दाखवू शकतं, आणि माणूस तासभर केबल तपासत बसतो. विंडोजवरही कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडायचा.

टाकणं सोपं आहे. ब्रॉडकॉमच्या सपोर्ट पानावरून झिप मिळते, तिच्या पोटात बहुधा आणखी झिप असतात आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर. रेडहॅट घराण्यावर आरपीएम पॅकेज, डेबियन-उबुंटूवर डेब. ते ‘/ऑप्ट/मेगारेड/स्टोअरसीएलआय/’ मध्ये (इथे मात्र ‘मेगारेड’मधला एम आणि ‘रेड’ची चारही अक्षरं मोठी) बसतं आणि ही जागा शेलच्या पाथमध्ये नसते, म्हणून ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. टाकलेलं असतं, फक्त सापडत नसतं. स्टोअरसीएलआय६४ ची एक सिमलिंक (शॉर्टकटसारखी जोडणी) ‘/यूएसआर/लोकल/एसबिन’ मध्ये करून ठेवा.

वेब पान, म्हणजे एलएसआय स्टोरेज ऑथॉरिटी, हे वेगळं प्रकरण. ते ठरावीकपणे २४६३ या पोर्टवर असतं. पान उघडत नसेल तर आधी त्याच सर्व्हरवरून लोकलहोस्टला उघडतं का बघा. तिथे उघडलं तर अडथळा फायरवॉलचा, तिथेही नाही तर सर्व्हिस उठलेली नाही. लॉगिनला वेगळा पासवर्ड नसतो, सर्व्हरचाच चालतो. म्हणजे या पानावर रूटचा पासवर्ड टाकला जातो, तेव्हा हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, एसएसएच टनेलमधून वापरा. त्याआधीचं जावावालं मेगारेड स्टोरेज मॅनेजर अजून कुठे चालू असेल तर त्याची एक जुनी खोड आहे: ‘/ईटीसी/होस्ट्स’ मध्ये सर्व्हरचं नाव १२७.०.०.१ ला बांधलेलं असेल तर दूरच्या मशीनवरून सर्व्हर दिसतच नाही. नावासमोर खरा आयपी लिहिला की दिसायला लागतो. माझं मत विचाराल तर एकट्या सर्व्हरला वेब पानाची गरज नाही. कमांड लाइन पुरते, आणि ती बंद पडत नाही.

आता डिस्क. कमांडमधल्या सी म्हणजे कंट्रोलर, ई म्हणजे एन्क्लोजर (डिस्कची पेटी), एस म्हणजे स्लॉट (पेटीतली जागा), व्ही म्हणजे व्हर्च्युअल ड्राइव्ह, अर्थात ॲरे. पहिल्या दोन कमांड फक्त बघण्याच्या:

स्टोअरसीएलआय६४ /सी०/व्हीऑल शो
स्टोअरसीएलआय६४ /सी०/ईऑल/एसऑल शो

पहिलीत तुमचा ॲरे ‘डिग्रेडेड’च्या (डिस्क गेल्यामुळे लंगडा) लघुरूपात दिसेल. दुसरीत प्रत्येक डिस्कची एक ओळ येते. पहिला रकाना २५२:३ असा, म्हणजे एन्क्लोजर २५२, स्लॉट ३. पुढे डिव्हाइस आयडी, मग स्टेट, मग डीजी म्हणजे ड्राइव्ह ग्रुप. हे उत्तर आणि ‘/सी० शो इव्हेंट्स फाइल=’ ने निघणारी नोंदवही, दोन्ही दुसऱ्या मशीनवर जपून ठेवा. कोणती डिस्क आधी बाद झाली आणि कोणती नंतर हे पुढे कधी लागलं तर तिथूनच कळेल.

नव्या डिस्कच्या ओळीत स्टेट काय आहे त्यावर रिबिल्ड का अडलं ते ठरतं.

‘यूगुड’ (धडधाकट, पण वापरात नसलेली) आहे पण डीजीच्या रकान्यात आकडा किंवा रेघ नसून ‘एफ’ आहे: डिस्क आधी दुसऱ्या कुठल्या ॲरेत होती आणि ती मांडणी अजून तिच्या अंगावर आहे. कार्ड तिला परकी समजतं आणि आपणहून हात लावत नाही. ‘/सी०/एफऑल शो ऑल’ ने त्या परक्या मांडणीत काय आहे ते वाचा. ती एकट्या नव्या डिस्कचीच आहे याची खात्री झाल्यावरच ‘/सी०/एफऑल डेल’ ने पुसा. इथे घाई नको. कार्ड बदलल्यावर किंवा केबल हलल्यावर आपला स्वतःचा चांगला ॲरेही ‘परका’ म्हणून दिसू शकतो. त्याला ‘इम्पोर्ट’ करायचं असतं, ‘डेल’ नाही. दोन्ही कमांड एका शब्दाच्या फरकाने शेजारी बसल्यात, म्हणून सांगतोय.

‘जेबॉड’ आहे: कार्डची जेबॉड पद्धत चालू आहे आणि नवी डिस्क थेट लिनक्सला दिली गेली. ‘/सी०/ई२५२/एस३ सेट गुड फोर्स’ ने ती परत कार्डच्या ताब्यात येते. स्लॉटचा आकडा दोनदा वाचा, ही कमांड चुकीच्या डिस्कवर चालवलीत तर तिच्यावरचं सगळं गमावाल.

‘यूबॅड’ (कार्डने खराब ठरवलेली) आहे: हीही ‘सेट गुड’ने उठते, पण का पडली ते आधी बघा. नव्या डिस्कला लगेच यूबॅड मिळत असेल तर मी डिस्कपेक्षा स्लॉट आणि केबलवर जास्त संशय घेईन.

स्वच्छ ‘यूगुड’ आहे आणि तरी स्वस्थ बसली आहे: मग तिला हॉट स्पेअर, म्हणजे तयार राखीव डिस्क, करा. डिग्रेडेड ॲरेला स्पेअर मिळाली की रिबिल्ड आपोआप सुरू होतं.

स्टोअरसीएलआय६४ /सी०/ई२५२/एस३ ॲड हॉटस्पेअरड्राइव्ह
स्टोअरसीएलआय६४ /सी०/ई२५२/एस३ शो रिबिल्ड

यावरही नकार आला तर डिस्क ॲरेला जुळत नाही. ती काही एमबीने का होईना लहान असेल, एसएएसच्या ॲरेत साटा घातली असेल, किंवा बाकीच्या ५१२ बाइट सेक्टरच्या आणि ही मूळ ४के असेल. यावर कमांडचा इलाज नाही, जुळणारी डिस्क आणावी लागते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने लिहिली गेली तरी १५ तासांच्या आसपास लागतात, तेही सर्व्हर रिकामा असताना. रिबिल्डचा दर मुळात ३० टक्क्यांवर असतो. रात्री वापर नसेल तर ‘/सी० सेट रिबिल्डरेट=६०’ करा, सकाळी परत खाली आणा. टक्केवारी अर्धा तास एकाच आकड्यावर दिसली म्हणून डिस्क उपटू नका.

अजिबात करू नये अशी एक गोष्ट. बाद झालेल्या डिस्कवर ‘सेट ऑनलाइन’ नावाची कमांड चालते आणि ती फार मोहात पाडते, कारण ॲरे क्षणात हिरवा होतो. पण तीन दिवसांपूर्वी बाहेर पडलेल्या डिस्कवर तीन दिवसांपूर्वीचा डेटा आहे. तिला जबरदस्तीने ऑनलाइन केलं की कार्ड जुने आणि नवे ब्लॉक एकत्र वाचतं आणि फाइल सिस्टिम आतून कुजते. ही कमांड एकाच प्रसंगासाठी आहे: रेड ५ मधल्या दोन डिस्क पडून ॲरे बंद झालाय, अशा वेळी जी शेवटी पडली ती ऑनलाइन करायची आणि आधी पडलेलीचं रिबिल्ड करायचं. म्हणून वर नोंदवही जपायला सांगितली.

जुनी डिस्क खरंच मेली होती का, हेही बघून घ्या, नाहीतर नवीही तशीच जाईल. ती अजून यादीत असेल तर ‘/सी०/ई२५२/एस३ शो ऑल’ मध्ये ‘मीडिया एरर’ आणि ‘अदर एरर’ अशा चुकांच्या दोन मोजण्या असतात. मीडिया वाढत असेल तर दोष डिस्कच्या पृष्ठभागाचा. मीडिया शून्य आणि अदर शेकड्यांत असेल तर बहुधा केबल, बॅकप्लेन किंवा वीजपुरवठा. स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, माहिती हवी तर स्मार्टसीटीएलला ‘-डी मेगारेड,७’ असं सांगावं लागतं. त्यातला ७ म्हणजे डिव्हाइस आयडी, स्लॉट नव्हे. या दोघांची गल्लत होऊन भलत्याच डिस्कचा रिपोर्ट वाचला जातो. डेस्कटॉपच्या डिस्क वापरल्या असतील तर तिसरी शक्यता: अशी डिस्क एक खराब सेक्टर वाचायला मिनिटभर धडपडते, कार्ड तेवढं थांबत नाही आणि धडधाकट डिस्क बाद ठरवतं. सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, त्यासाठीच त्या घ्यायच्या. डिस्क काढण्याआधी ‘स्टार्ट लोकेट’ने तिचा दिवा लुकलुकवा आणि काढल्यावर सीरियल नंबर जुळवा.

रिबिल्ड पूर्ण होऊनही लिहिण्याचा वेग पडलेला राहिला तर व्हर्च्युअल ड्राइव्हच्या यादीत कॅशचा रकाना बघा. तिथे ‘डब्ल्यूबी’च्या जागी ‘डब्ल्यूटी’ दिसलं तर कार्डने राइट बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर लिहिणं) बंद केलंय, बहुधा बॅटरीमुळे. बॅटरीची स्थिती बघायला ‘/सी०/बीबीयू शो ऑल’, बॅटरीऐवजी कॅशव्हॉल्ट असेल तर ‘/सी०/सीव्ही शो ऑल’. बॅटरी बदला. ‘ऑल्वेज राइट बॅक’ करून वेग परत आणता येतो, पण मग वीज गेली की कॅशमधलं न लिहिलेलं सगळं जातं.

राहिला इशारा. पिवळा दिवा तुम्हाला योगायोगाने दिसला, तो किती दिवस पेटलेला होता कुणास ठाऊक. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) दर तासाला ‘/सीऑल/व्हीऑल शो’ आणि ‘/सीऑल/ईऑल/एसऑल शो’ चालवा, ॲरेच्या ओळीत ऑप्टिमल (ठणठणीत) याखेरीज काहीही दिसलं की मेल जाऊ द्या. स्क्रिप्टने वाचायचं असेल तर शेवटी ‘जे’ जोडा, उत्तर जेसनमध्ये येतं. सोबत ‘नोलॉग’ही जोडा, नाहीतर ज्या फोल्डरमधून चालेल तिथे स्टोअरसीएलआय डॉट लॉग नावाची फाइल वाढत राहते. क्रॉनचा पाथ तोकडा असतो, कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. कमांडच चालली नाही किंवा उत्तर रिकामं आलं तर तोही बिघाड समजून मेल जायला हवा. बऱ्याच स्क्रिप्ट नेमक्या इथे फसतात: ‘डिग्रेडेड’ शोधतात, तो सापडत नाही, आणि सगळं आलबेल समजून गप्प बसतात. आठवड्यातून एकदा ‘सगळं ठीक’ असाही मेल पाठवायला लावा. सोमवारी तो आला नाही तर काय तपासायचं ते तुम्हाला कळेल.